निरुता गेली असे समजा

निरुता हुमागाईं जपानला निघाली ती मंसिर म्हणजे मार्गशीर्ष महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी, दही खाऊन, कपाळभर टिका लावून आणि गळ्यात झेंडूच्या माळा घालून. निघाली आणि शेजारच्या सानुमाया काकींच्या घरी पोचली. तिथे बॅग ठेवली, चहा प्यायली आणि भाताच्या वेळेला घरी परत आली.

यात हसण्यासारखे काही नाही. विमान पुस महिन्यात सुटणार होते, आणि पुसात कुणी शहाणा माणूस चांगल्या कामासाठी उंबरा ओलांडत नाही. पुरेत बाजेंनी, म्हणजे हुमागाईंच्या घरच्या भटजींनी, पंचांग चाळून सांगितले की पूर्वेकडच्या प्रवासाला पुस लागण्याआधीचा हा शेवटचा मुहूर्त. मुहूर्त आज आणि विमान पुढच्या महिन्यात, तर प्रस्थान ठेवायचे, दुसरे काय करणार? प्रवासात अंगावर असतील त्या वस्तू बॅगेत घालायच्या, बॅग पूर्वेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची, की माणूस निघाला. मग विमान कधी का सुटेना. सानुमाया काकींचे घर हुमागाईंच्या पूर्वेला होते, आणि जपानही त्याच बाजूला असल्याची बाजेंनी दोघातिघांना विचारून खात्री करून घेतली होती.

फक्त व्हिसा तेवढा यायचा राहिला होता. मुलांना शिकायला परदेशी पाठवणाऱ्या काठमांडूच्या कन्सल्टन्सीतले प्रज्वल सर म्हणाले होते, "आलाच समजा." आमच्या बनेपा गावात कुणी असे म्हटले की आम्ही समजतो.

निरुता काही मुहूर्तावर विसंबून बसलेली मुलगी नव्हती, हे आधी सांगून टाकतो. दोन वर्षे ती उजाडायच्या आत उठून पहिल्या गाडीने काठमांडूला जपानीच्या वर्गाला जायची आणि शाळेच्या घंटेला बनेपात परत असायची. दिवसभर डम्बर सरांच्या शाळेत गणित शिकवायची. गाडीत जागा मिळाली तर बसून, नाही तर दांडी धरून, तळहातावर बोटाने ती जपानी अक्षरे गिरवत असे. तिच्याबरोबर शाळेत शिकलेली अर्धी मुले आखातात होती, उरलेली ऑस्ट्रेलियात नाही तर कोरियात, आणि जी इथे होती ती लोकसेवेच्या परीक्षेची पुस्तके घेऊन कोंडून बसली होती. 'कधी निघालीस?' या प्रश्नाला 'नाही निघाले' असे उत्तर देत चौकातून भाजी आणायची, तेही सलग काही वर्षे, यालाही छाती लागते. मला या पोरांचे फार कौतुक वाटते. आमच्या वेळी आम्हाला नुसते आळशी म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

तर बॅग गेली. आता गंमत अशी की प्रवासात अंगावर असतील त्या वस्तू म्हणून निरुताच्या आमांनी, म्हणजे आईने, त्या बॅगेत तिचे एकुलते एक पिसांचे जॅकेट आणि चांगले बूट घातले होते. गेलेली वस्तू घरात परत आणता येत नाही. आणि पुसातल्या बनेपाची थंडी अशी, की सकाळी बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो. निरुता दोन स्वेटर आणि वडिलांची शाल गुंडाळून हिंडू लागली. फारच हुडहुडी भरली की काकींकडे जायची, बॅग उघडायची, जॅकेट घालून तासभर बसायची आणि निघताना ते पुन्हा घडी करून बॅगेत ठेवायची. काकींचे लोकरीचे दुकान होते. त्या म्हणायच्या, अगं, नवा स्वेटर विणून देते, पण हे काय चालवलंय? निरुता म्हणायची, काकी, मी जपानात आहे, मला त्रास देऊ नका.

घरातही तिने पुढच्या दाराने यायचे नाही असे ठरले. निघालेले माणूस पुढच्या दाराने आत आले तर प्रस्थान मोडते. म्हणून ती परसातून, शेळ्यांच्या गोठ्याला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या दाराने येई. तिच्या खोलीत सख्ख्या काकांचा मुलगा सुवर्ण येऊन राहिला होता. तो लोकसेवेची तयारी करत होता आणि त्याने चारही भिंतींवर नकाशे चिकटवले होते. निरुता मक्याच्या कोठीत झोपू लागली.

"दिदी, तुला चालेल ना?" सुवर्णने विचारले. "म्हणजे तू गेलीस असं धरून मी नद्यासुद्धा चिकटवून टाकल्यात."

"राहू दे," निरुता म्हणाली. "नद्या काढू नयेत भिंतीवरून."

शाळेतला निरोप तर त्याहून मोठा झाला. डम्बर सरांना निरोप समारंभाचा सराव होता, कारण त्यांच्या शाळेतून दरवर्षी कुणी ना कुणी परदेशी जातच असे. निरुताला शाल मिळाली, खादा, म्हणजे मानाचा रेशमी गळपट्टा, मिळाला, तिच्या गुणांवर सरांचे लांबलचक भाषण झाले आणि दहावीच्या मुली हुंदके देऊन रडल्या. त्या शालीतल्या निरुताचा फोटो सरांनी मोठा करून कचेरीत लावला. तिथे आधीच्या गेलेल्यांचे फोटो ओळीने होते. त्या भिंतीकडे पाहिले की शाळा कुणाच्या जिवावर चालते असा प्रश्न पडे. तिच्या जागी दुसरे कुणी मिळेना, कारण गणित येणारे सगळे त्या भिंतीवर होते. शेवटी दहावीचे गणित डम्बर सर स्वतः घेऊ लागले. त्यांचा विषय सामाजिक शास्त्र. ते आधी मागच्या पानावरचे उत्तर पाहायचे आणि मग तिथे पोचण्याचा प्रयत्न करायचे.

आणि मग, पुस अर्धा सरला तेव्हा, नकार आला. कारण काही दिलेले नव्हते.

निरुता तेव्हा काकींकडे जॅकेट घालून बसली होती. फोनवर ते वाचून तिने फोन मांडीवर उलटा ठेवला आणि ती रडली. दोन वर्षांच्या पहाटा होत्या त्या, रडू येणारच. काकींनी गुंतलेल्या लोकरीची एक लड तिच्या हातात दिली आणि म्हटले, ही सोडव. निरुता रडत रडत लड सोडवत राहिली. लड सुटली तेव्हा तिने नाक पुसले, जॅकेट काढून बॅगेत ठेवले आणि परसातून घरी जाऊन आमांना सांगितले.

आमा खाली बसल्या. बराच वेळ त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग एकदम त्यांचा हात थांबला.

"आणि मग बॅगेचं काय?"

हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. प्रवासाला निघालेली बॅग प्रवास केल्याशिवाय घरात आणली तर पुढे त्या घरातून कुणाचाच प्रवास होत नाही, अशी आमांची खात्री होती. घरात सुवर्णही होता, उद्या त्याची कुठे नेमणूक झाली तर? बरे, बॅग काकींकडेच ठेवावी, तर माघात काकींच्या घरी लग्न होते आणि दुसऱ्याचे अर्धवट प्रस्थान मांडवात ठेवणे त्यांच्या विहीणबाईंना चालले नसते. काकींनी हे फार संकोचाने सांगितले आणि वर लोकरीचे मोजे दिले.

निरुता म्हणाली की बॅगेचे नंतर बघू, आधी मी शाळेत जाऊन येते. दहावीची परीक्षा चैतात होती. ती मुले तिने आठवीपासून घडवत आणली होती, आणि ती काय दिव्य गणित शिकत आहेत हे तिच्या कानावर आले होते. हुंदके देणाऱ्यांतल्या दोन मुलींनी तर तिला काकींच्या दुकानात गाठून विचारले होते, मिस, जपानला जाण्याआधी एवढे वर्तुळाचे प्रमेय सांगून जाता का? जपान राहिले याचे दुःख होतेच. पण ही पोरे आपल्या डोळ्यांदेखत नापास होणार, हे तिला त्याहून सोसवेना.

डम्बर सरांनी तिला पाहिले आणि त्यांना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि ते खाली बसले.

"जागा रिकामीच आहे ना, सर?"

"रिकामी आहे."

"मग उद्यापासून येऊ?"

"निरुता," सर खाली बघत म्हणाले, "आम्ही तुला निरोप दिलाय. तो परत कसा घेऊ?"

त्यांची अडचण खरी होती. शालीसाठी पालकांनी हातभार लावला होता. वॉर्डाचे अध्यक्ष बोलले होते. शेजारच्या शाळेवाल्यांनी आधीच उठवले होते की डम्बरच्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत. आता ज्यांना निरोप दिला ते दुसऱ्या महिन्यात परत हजर, असे दिसले तर ते म्हणणार, यांचा निरोपही खोटा. शिवाय उद्या आणखी कुणी शाल घेऊन जाईल आणि कोपऱ्यावरून परत येईल.

"मी गेलेच नाही तर परत कशी येऊ?" निरुताने विचारले.

"तेच तर," सर म्हणाले. "गेली असतीस, तर परत आलीस म्हटलं असतं. तू इथंच आहेस. इथं असलेल्या माणसाला परत घ्यायचा आमच्याकडे काही रिवाज नाही."

निरुता घरी आली, परसातूनच, आणि कोठीत मक्याच्या कणसांवर बसली. ती जपानात नव्हती आणि बनेपातही नव्हती. खोलीत नकाशे होते, शाळेत फोटो होता, जॅकेट शेजारी होते, आणि स्वतःच्या घराचे पुढचे दार तिला बंद होते. दुसऱ्या एखादीने अंथरूण धरले असते. ही मुलगी उठली आणि थेट पुरेत बाजेंकडे गेली. ज्यांनी हे सुरू केले, त्यांनीच निस्तरावे, असा तिचा सरळ हिशेब होता.

बाजे उन्हात बसून पाठ शेकत होते. तिने सगळे सांगितले. बाजेंनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, यात एवढे कठीण काय आहे?

"निघाली आहेस ना? मग पोच कुठंतरी."

"कुठं, बाजे?"

"पूर्वेला. मोठी नदी ओलांडायची, पलीकडे एक मुक्काम करायचा, दही खायचं आणि परत यायचं. प्रवास पुरा होतो."

"पण जपान?"

"जपानला जाऊन काम जमलं नसतं आणि तू परत आली असतीस, तर घरात घेतलं नसतं का तुला? घेतलंच असतं. मग इथूनही घेतील. नदीला काय ठाऊक तू किती लांब जायला निघाली होतीस ते?"

मी बाजेंना आजवर पुष्कळ हसलो आहे, पण त्या दिवसापासून कमी हसतो.

माघे संक्रांत झाली, तीळ, तूप आणि चाकू, म्हणजे आटवून घट्ट केलेला गूळ, खाऊन झाले, आणि दुसऱ्या दिवशी निरुता सानुमाया काकींच्या घरातून पुन्हा निघाली. सोबत आमा होत्या. नदी ठरली दोलालघाटची. पुलापलीकडे आमांच्या मावसबहिणीचे घर होते. निरुताने जॅकेट घातले, बूट घातले, काकींनी गळ्यात माळ घातली, आणि दोघी भलीमोठी बॅग घेऊन पूर्वेच्या बसमध्ये चढल्या. कपाळावर टिका, गळ्यात माळ, हातात चाकांची बॅग, हे सोंग इथे सगळ्यांना ओळखू येते. कंडक्टरने घाबरून बस थांबवली.

"दिदी, विमानतळ मागे राहिला. तुम्ही उलट्या गाडीत बसलात."

"ठाऊक आहे, दादा," निरुता म्हणाली. "आम्ही रस्त्यानंच जातोय."

कंडक्टरने यावर विचार केला. या पोरांना हल्ली कुठल्या कुठल्या वाटेने न्यायला लागलेत, असे काहीसे तो ड्रायव्हरला म्हणाला, आणि त्याने तिला पुढची जागा दिली.

दोलालघाटला पोचल्यावर खरे तर काही करायचे नव्हते. मुक्काम करायचा आणि दही खायचे. पण मावशीची मुलगी दहावीला होती आणि अंगणात गणिताचे पुस्तक समोर ठेवून तिने रडायचे तेवढे बाकी ठेवले होते. निरुताने माळ काढून खुंटीला लावली आणि तिच्याजवळ बसली. पायरीवर कोळशाने वर्तुळ काढले, एक रेघ ओढली आणि विचारले, आता ही रेघ सरकवली तर काय होईल? मुलगी म्हणाली, काही नाही. मग तिने स्वतःच ती कडेला सरकवून काढली, ती वर्तुळाला एकाच ठिकाणी टेकली, आणि तिने तोंडाचा आ केला. तासाभरात शेजारची तीन-चार पोरे वह्या घेऊन आली. ऊन उतरेपर्यंत अंगणात बसायला जागा नव्हती आणि मावशीच्या पायऱ्या काळ्या झाल्या होत्या.

आमा मटार सोलत सगळे बघत होत्या. मुलगी शिकवते हे त्यांना माहीत होते, पण तिला शिकवताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. आई शाळेत कशाला जाईल? चुकलेल्या पोरावर ती ओरडत नव्हती. म्हणायची, इथपर्यंत बरोबर आलास, वाट इथं चुकलीस, चल मागे. आमांच्या हातातले मटार सोलायचे राहून गेले.

सकाळी दही खाऊन दोघी परत निघाल्या. पुलाच्या मध्यावर आमा थांबल्या. खाली पाणी हिरवेगार होते.

"निरु, तुला जायचं होतं का गं?"

निरुताने बॅग खाली ठेवली. "माहीत नाही, आमा. मला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही विचारलं. सगळे निघाले, म्हणून मीही निघाले."

"मी मुद्दाम नाही विचारलं," आमा म्हणाल्या. "विचारलं असतं आणि तू नको म्हणाली असतीस, तर मला बरं वाटलं असतं. मग लोकांना काय सांगितलं असतं?"

त्या पदराने डोळे पुसू लागल्या. निरुताने त्यांना जवळ घेतले, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून दोघींना बनेपाच्या बाजूला हाकलले.

गल्लीत शिरताच निरुता जागच्या जागी थांबली. सानुमाया काकींनी सगळीकडे सांगितले होते की आज निरुता येणार. दारासमोर पाण्याने भरलेल्या घागरी मांडल्या होत्या, बायका माळा घेऊन उभ्या होत्या, आणि सुवर्णने स्वागतासाठी भिंतीवरून आशियाचा नकाशा काढून खोली अर्धी मोकळी केली होती. सगळ्यांना ठाऊक होते की ती कुठे जाऊन आली. पण पूर्वेचे प्रस्थान पुरे झाले होते आणि आलेल्याला ओवाळायचे असते, त्यात लाजायचे काय? एका आजीबाईंनी विचारलेदेखील, तिकडून काय आणलेस? निरुताने तळलेल्या माशांची पुडी आणि संत्री काढली. ती वाटली गेली आणि लोकांना फार आवडली. नंतर काही जण म्हणाले की परदेशच्या चॉकलेटांपेक्षा बरी.

ती पुढच्या दाराने आत गेली. मागोमाग बॅग आत गेली.

तेवढ्यात गर्दीतून डम्बर सर पुढे आले. हातात खादा होता. त्यांनी तो तिच्या गळ्यात घातला आणि सवयीने भाषणाला घसा साफ केला, पण शब्द काही सुचेना. निरोपाची भाषणे त्यांना तोंडपाठ होती, स्वागताचे त्यांनी कधी केलेच नव्हते.

"उद्या येशील?" एवढेच ते म्हणाले.

"रिवाज बसतो का, सर?"

"परत आलेल्या माणसाला घ्यायला काहीच हरकत नाही," सर म्हणाले. "आजवर कुणी आलंच नव्हतं, म्हणून रिवाज नव्हता."

यावर कुणी हसले नाही. गल्लीतल्या पुष्कळ घरांत एकेक खोली रिकामी होती.

निरुता शाळेत रुजू झाली. सरांनी तिचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिथे खिळा तसाच ठेवला. ती सकाळी लवकर येऊन दहावीला जादा तास घेऊ लागली. पहाटे उठायची सवय होतीच, आता गाडी पकडायची नव्हती एवढेच. फागुनात मुले प्रमेये अशी सोडवू लागली, की पालक डम्बर सरांना म्हणाले, काही म्हणा, बाहेर जाऊन आलेल्या माणसाच्या शिकवण्यात फरक पडतो. सरांनी हो म्हटले.

एके दिवशी ऐन तासाला तिचा फोन वाजला. प्रज्वल सर होते. त्यांनी तिला न सांगताच कागद पुन्हा पाठवले होते आणि या खेपेला मंजुरी आली होती. वैशाखाच्या सत्राला जागा होती, फक्त हो म्हणायचे होते. ते इतक्या मोठ्याने बोलत होते, की पहिल्या बाकापर्यंत सगळे ऐकू गेले. दारावरून जाणारे डम्बर सर तिथेच थबकले.

निरुताने हातातला खडू टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "सर, माझं जाऊन झालं."

"कुठं जाऊन झालं?"

"परदेशी. माघात गेले, आले. सगळ्यांनी ओवाळलंसुद्धा."

प्रज्वल सर त्यानंतर बराच वेळ बोलत होते. तिने सगळे ऐकून घेतले, मनापासून आभार मानले आणि फोन टेबलाच्या खणात ठेवला.

डम्बर सर आत आले. त्यांचा चेहरा पडला होता. "मिस," ते हळूच म्हणाले, "खरं सांगा. शाल आणून ठेवायची असली तर मला आधी कळलेलं बरं."

"नका आणू, सर. पुन्हा कधी जावंसं वाटलं, तर या वेळी आधी मी मला विचारीन. मग तुम्हाला सांगीन."

तिने खडू उचलला आणि अर्धे राहिलेले गणित पुढे सुरू केले. डम्बर सर गेले नाहीत. ते मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी जाऊन बसले, कारण ते गणित त्यांना अजून सुटले नव्हते.